दुःखिताला प्रश्न विचारावा काय?

मनुष्य दुःखात असला म्हणजे बहुधा नेमके बोलत नाही. ‘सगळेच बिघडले आहे’, ‘माझे कोणी ऐकतच नाही’, ‘आता कशातच अर्थ राहिला नाही’ अशी वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत आणि प्रसंगी स्वतःही उच्चारली आहेत. ती ऐकणारा सामान्यतः दोनांपैकी एक गोष्ट करतो. तो सांत्वन तरी करतो, नाहीतर उपदेश तरी करतो. ‘होईल सर्व ठीक’ हे सांत्वन आणि ‘एवढे मनाला लावून घेऊ नये’ हा उपदेश. दोहोंमध्ये एक गोष्ट समान असते. समोरचा काय म्हणाला हे आपल्याला कळले आहे, असे ऐकणाऱ्याने गृहीत धरलेले असते.

तिसरा एक मार्ग आहे. ‘सगळे म्हणजे काय काय?’, ‘कोणी ऐकत नाही म्हणजे कोण?’, ‘असे केव्हापासून वाटू लागले?’ असे विचारणे हा तो मार्ग होय. समुपदेशनाच्या शास्त्रात या प्रश्नांना आज मोठे स्थान आहे. परंतु समुपदेशकाचे दार ठोठावण्यापूर्वी दुःखी मनुष्य आपल्या आप्तांपाशी, शेजाऱ्यांपाशी, देवळाच्या ओट्यावर शेजारी येऊन बसलेल्या स्नेह्यापाशी आपले मन उघडे करीत असतो. म्हणून हा प्रश्न आपल्या सर्वांचाच आहे. ज्याचे मन आधीच दुखावलेले आहे त्याच्या शब्दांची अशी फोड करणे उचित आहे काय? त्याला तो अविश्वास वाटणार नाही काय? आणि असे विचारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

या विषयाकडे आमचे लक्ष आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे वेधले गेले. ती येथे सांगितली पाहिजे.

आमचे एक वयोवृद्ध स्नेही एका सायंकाळी आमच्यापाशी येऊन बसले व म्हणाले, ‘घरात आता माझी काही किंमत उरली नाही.’ एवढे बोलून ते स्तब्ध राहिले. आम्हांस त्यांचे दुःख कळले असे वाटले. कारण वृद्धांच्या तोंडी हे वाक्य इतके वेळा ऐकू येते की, त्याचा अर्थ आपल्याजवळ तयारच असतो. आम्ही त्यांना वानप्रस्थाची कल्पना समजावून सांगितली. कर्तेपण सोडण्यात सुख आहे, संसाराची सूत्रे पुढच्या पिढीच्या हाती गेली की मनाने अलिप्त व्हावे, वगैरे पुष्कळ सांगितले. त्यांनी ते मान खाली घालून ऐकून घेतले आणि ‘खरे आहे’ म्हणून ते उठून गेले. आपण एका दुखावलेल्या जिवाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, असे समाधान आम्हांस त्या रात्री वाटले होते, हे कबूल करण्यास आज संकोच वाटतो.

सुमारे आठ महिन्यांनी रस्ता ओलांडताना डाव्या बाजूने आलेली हातगाडी त्यांना दिसली नाही आणि ते पडले. दुखापत थोडक्यात निभावली. परंतु तपासणीत नेत्रतज्ज्ञांस दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आढळला. या रोगात बहुधा बाजूची दृष्टी प्रथम जाते आणि समोरचे पुष्कळ काळ नीट दिसत राहते. त्यामुळे आपली दृष्टी कमी होत आहे हे रोग्यास स्वतःलाही उमगत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. पुढील हानी मात्र औषधाने वा शस्त्रक्रियेने रोखता येते किंवा मंदावता येते. त्यांना भेटावयास गेलो असताना, फार उशिरा, आम्ही तो प्रश्न विचारला: ‘घरात किंमत उरली नाही असे आपण म्हणाला होता. तसे आपणांस प्रथम केव्हा वाटले?’

उत्तर देण्यास त्यांना क्षणाचाही विचार करावा लागला नाही. ‘नातवाला शाळेतून आणण्याचे माझे काम सूनबाईंनी काढून घेतले, त्या दिवशी.’

सूनबाई तेथेच होत्या. त्या गहिवरून म्हणाल्या, ‘बाबा, त्या महिन्यात तुम्ही रस्त्यात दोनदा अडखळलात. बाजूने आलेली सायकल तुम्हांला दिसली नाही, असं मुलानं घरी येऊन सांगितलं. आम्ही घाबरलो. तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून कारण सांगितलं नाही.’

म्हणजे घरातील माणसांनी प्रेमापोटी कारण झाकले, वृद्धाने अभिमानापोटी प्रसंग झाकला, आणि आम्ही त्या दोन्हींवर वैराग्याचे पांघरूण घातले. ‘किंमत’ या एका शब्दामागे एक विशिष्ट दिवस होता आणि त्या दिवसामागे एक रोग होता. त्या सायंकाळी आम्ही ‘कशावरून?’ एवढे विचारले असते, तर निदान ती गोष्ट आठ महिने आधी बोलली गेली असती. किती दृष्टी वाचली असती हे नेत्रतज्ज्ञांस विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

दुःखी मनुष्य मोघम का बोलतो, याचा विचार केला तर त्यात लबाडी क्वचितच आढळते. यातना तीव्र असली की ती सर्व वस्तूंवर पसरते. एका माणसाने अपमान केला तरी ‘लोक’ वाईट वाटू लागतात, एक परीक्षा फसली तरी ‘नेहमी असेच होते’ असे वाटू लागते. शिवाय आपली मराठी भाषाही या कामी हात देते. कर्मणी आणि भावे प्रयोगांत कर्ता सहज अदृश्य करता येतो. ‘माझ्याशी नीट बोलले जात नाही’, ‘मला गृहीत धरले जाते’, ‘असे ठरले’, ‘असे म्हणतात’ या वाक्यांत बोलणारा कोण, ठरविणारा कोण, म्हणणारा कोण, हे कोठेच नाही. कर्ता नसलेल्या वाक्यातील दुःखाला उपायही सापडत नाही. कारण कोणाकडे जाऊन काय बोलावयाचे, हेच ठाऊक नसते. ‘लोक काय म्हणतील?’ या वाक्याने आपल्या समाजात किती विवाह अडविले, किती शिक्षणे थांबविली, किती आजार दडविले! ‘कोणते लोक? त्यांतील दोघांची नावे सांगता येतील काय?’ असे स्नेहाने विचारून पाहावे. पुष्कळदा नावे एक-दोनच निघतात; कधी तर एकही निघत नाही.

पाश्चात्य देशांत या गोष्टीचा पद्धतशीर विचार गेल्या शतकात झाला. कॅरेन हॉर्नी या विदुषीने १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ‘असे असलेच पाहिजे’ या आतल्या हुकुमांना जुलूमशाहीची उपमा दिली. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली. ‘पाहिजेच’, ‘भयंकर’, ‘असह्य’ अशा शब्दांना ते थेट आव्हान देत: असलेच पाहिजे असे कोठे लिहिले आहे? असह्य म्हणजे नेमके काय सहन होणार नाही? मुंबईच्या कि. मो. फडके यांनी हाच विचार मराठी वाचकांपर्यंत पोहोचविला. फिलाडेल्फिया येथील अॅरन बेक यांनी विषण्णतेच्या रोग्यांबरोबर काम करताना असे पाहिले की, ‘मी निरुपयोगी आहे’ यांसारखे विचार त्यांच्या मनात आपोआप उमटतात आणि ते तपासल्यावाचून खरे मानले जातात. रोग्याला व्याख्यान न देता प्रश्नांच्या साहाय्याने त्याच्याकडूनच पुरावा तपासून घ्यावा, ही रीत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ च्या ग्रंथात विस्ताराने मांडली. १९७५ मध्ये रिचर्ड बँडलर आणि भाषाशास्त्रज्ञ जॉन ग्राइंडर यांनी अशा प्रश्नांचे भाषेच्या अंगाने वर्गीकरण केले. बोलताना काही गाळले जाते, काही सर्वांना लागू केले जाते, काही वाकविले जाते; गाळलेले परत मागावे, ‘सर्व’ व ‘कधीच’ यांना अपवाद विचारावा, आणि ‘त्याच्या मनात काय आहे ते मला कळते’ असे कोणी म्हटल्यास ‘कशावरून?’ असे विचारावे. या दोघांनी पुढे आपल्या पद्धतीविषयी केलेले मोठे दावे संशोधनाच्या कसोटीस उतरले नाहीत. तथापि भाषेतील रिकाम्या जागा ओळखण्यास हे वर्गीकरण उपयोगी आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

या सर्वांच्या मागे सॉक्रेटीस उभा आहे, हे सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. त्याची आई सुईण होती, आणि आपणही दुसऱ्याच्या मनातील विचार जन्मास आणण्याचेच काम करतो, असे तो म्हणत असल्याचे प्लेटोने लिहून ठेवले आहे. उपमा मोठी सुंदर आहे. परंतु त्याच्या प्रश्नांनी अनेकांना चारचौघांत लज्जित केले, लोकांचा रोष त्याच्यावर ओढवला आणि इ. स. पूर्व ३९९ मध्ये त्याला विषाचा पेला घ्यावा लागला, हेही विसरता येत नाही. अथेन्सच्या चौकातील शहाणपणाचा गर्व असलेल्या माणसाला जो प्रश्न शोभला, तोच प्रश्न रडणाऱ्या माणसाला विचारणे क्रूरपणाचे होईल. मग भेद कोठे करावयाचा?

यासाठी आम्हांस आपल्याच न्यायशास्त्राकडे वळावेसे वाटते. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वाचा निर्णय व्हावा म्हणून केलेला तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढणारी ती वितंडा. त्याच शास्त्रात ‘छल’ नावाच्या दोषाचेही विवेचन आहे. बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला खोटे पाडणे म्हणजे छल. एखाद्याने ‘नवकंबल’ म्हटले. त्याला नवे कांबळे अभिप्रेत आहे. छल करणारा म्हणतो, याच्यापाशी नऊ कांबळी कोठे आहेत? ‘माच ओरडत आहेत’ असे कोणी म्हटले. अर्थ उघड आहे की माचावरील माणसे ओरडत आहेत. छल करणारा म्हणतो, लाकूड कधी ओरडते काय? यास उपचारछल म्हणतात, कारण लाक्षणिक बोलण्याला तो अक्षरार्थाच्या फासात अडकवितो.

आता आपल्या रोजच्या बोलीतील एक वाक्य घेऊ. पतिनिधनानंतर एखादी भगिनी म्हणते, ‘घर खायला उठते.’ ‘घर कसे खाईल?’ असे विचारणारा उपचारछल करतो. ‘हे वाक्य अतिशयोक्त आहे, घरात तीन मुले आहेत’ असे म्हणणारा जल्प करतो. त्याला आपले म्हणणे सिद्ध करावयाचे आहे. परंतु ‘दिवसाच्या कोणत्या वेळी अधिक वाटते, ताई?’ असे विचारणारा वादाच्या उत्तम अर्थाने तिच्या सोबत सत्य शोधीत आहे. ती म्हणेल, ‘संध्याकाळी सहाला. ते कचेरीतून यायचे ती वेळ.’ तिच्या दुःखाला आता एक घटका मिळाली. दुःख कमी झाले नाही. परंतु सहा वाजता तिच्याकडे कोणी जाऊन बसू शकते. घराच्या खाण्यावर कोणापाशीच उपाय नव्हता. सहा वाजण्यावर शेजारधर्माचा उपाय आहे.

दोन्ही प्रश्न वरवर पाहता सारखेच, म्हणजे एका मोघम वाक्याचा नेमका अर्थ मागणारे आहेत. त्यांतील भेद शब्दांत नसून हेतूत आहे, आणि हेतू ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावर आपण काय करणार? आपले कुतूहल शमणार असेल, आपला मुद्दा सिद्ध होणार असेल, किंवा उद्या चार घरी सांगण्यास विषय मिळणार असेल, तर तो प्रश्न विचारू नये. उत्तर ऐकून त्या माणसाला स्वतःचेच दुःख अधिक स्पष्ट दिसणार असेल आणि त्या उत्तराचा भार थोडा आपल्या खांद्यावर घेण्याची आपली तयारी असेल, तर तो विचारावा. आम्हांस असे वाटते की, विचारण्याचा अधिकार नात्याने मिळत नाही, वयाने मिळत नाही आणि विद्वत्तेनेही मिळत नाही. उत्तर ऐकण्याची व सोसण्याची जो तयारी ठेवतो, त्यालाच तो मिळतो. आम्ही आमच्या स्नेह्यांना त्या सायंकाळी विचारले नाही, याचे खरे कारण असे की, उत्तर लांबले असते. उपदेश आम्हांस सोपा होता.

कोणी म्हणेल, प्रश्न विचारणे म्हणजे उलटतपासणीच. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच काही पथ्ये सांभाळली पाहिजेत. पहिले असे की, आधी ऐकावे. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या १९५१ च्या ग्रंथात सल्ला देण्यापेक्षा समोरच्याचे म्हणणे समजून त्याला ते परत सांगण्यावर अधिक भर दिला. पुढे आलेल्या एका समुपदेशनपद्धतीत तर शिकाऊ माणसांना असे सांगतात की, एक प्रश्न विचारावयाचा तर दोन वेळा ऐकलेले परत बोलून दाखवावे. दुसरे पथ्य असे की, ‘का’ हा शब्द जपून वापरावा. ‘तुला असे का वाटते?’ हे आपल्याकडे बहुधा दटावणीसारखे ऐकू येते आणि मनुष्य स्वतःचे समर्थन करू लागतो. ‘काय झाले?’, ‘केव्हा?’, ‘कोणाच्या बोलण्याने?’ हे सौम्य आहेत. तिसरे पथ्य स्थळाचे. ‘घरात थोडा त्रास आहे’ असे एखादी सून मंडळींत बोलून गेली, तर तिथल्या तिथे ‘कसला त्रास?’ असे विचारणे तिच्यावर संकट आणू शकेल. तिचा मोघमपणा हे तिचे कवच असू शकते. ते सर्वांसमक्ष काढू नये. एकांतात, तिच्या विश्वासातील स्त्रीने, ‘त्रास म्हणालात, त्याविषयी बोलावेसे वाटते का?’ असे विचारावे, आणि ‘नाही’ हे उत्तर आदराने घ्यावे.

चौथे पथ्य सर्वांत सूक्ष्म आहे. प्रत्येक अस्पष्ट वाक्य स्पष्ट करावयाचे नसते. बौद्ध परंपरेत प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. काहींना सरळ उत्तर द्यावे, काहींना भेद करून द्यावे, काहींना उलट प्रश्न विचारून द्यावे, आणि काही प्रश्न बाजूस ठेवावे. दुःखिताच्या वाक्यांनाही हाच विवेक लागू करता येईल. ज्याचे मूल नुकतेच गेले तो बाप ‘देवाने माझ्याशी असे का केले?’ असे म्हणतो, तेव्हा ते वाक्य चर्चेसाठी नसते. तेथे ‘असे म्हणजे कसे?’ असे विचारणाऱ्याने वाणीचा दुरुपयोग केला असेच म्हणावे लागेल. तेथे जवळ बसावे, पाणी द्यावे आणि गप्प राहावे. महिने लोटल्यावर तोच बाप ‘माझ्यामुळेच गेला’ असे पुन्हा पुन्हा म्हणू लागला, तर मात्र ‘आपल्यामुळे म्हणजे? त्या दिवशी आपण काय केले, काय केले नाही?’ हे हळुवारपणे विचारावे. कारण त्या वाक्यात तो स्वतःवरचा एक आरोप तपासल्यावाचून शाबीत करून बसलेला असतो.

आणि एक वाक्य असे आहे की, तेथे गप्प बसणे हाच अपराध ठरू शकतो. ‘आता सुटलो तर बरे’, ‘सगळे एकदाचे संपवावे’, ‘मी नसलो म्हणजे तुम्ही सुखी व्हाल’ अशी वाक्ये आपल्या घरांतून सहज बोलली जातात, आणि ऐकणारे ‘असे अभद्र बोलू नये’ म्हणून तोंड बंद करतात. बोलणारा थकव्याने बोलला की खरोखर जीव देण्याचा विचार त्याच्या मनात आहे, हे विचारल्यावाचून कळण्याचा मार्ग नाही. ‘संपवावे म्हणजे काय? जीव देण्याचा विचार मनात येतो का?’ असे शांतपणे आणि स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या आपल्या अहवालात तिची गणना गैरसमजांत केली आहे. उत्तर ‘होय’ असे आले, तर त्या माणसास एकटे सोडू नये आणि त्याला विलंब न लावता वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ या सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक त्यासाठी घरात लिहून ठेवण्यासारखा आहे. तेथे मराठीसह अनेक भारतीय भाषांतून रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते.

भगवद्गीतेकडे या दृष्टीने पाहिले तर एक गोष्ट मनात भरते. अर्जुनाचा विषाद पहिल्या अध्यायात अनेक कारणांनी भरलेला आहे: आप्तांचे प्रेम, कुलक्षयाचे भय, पापाची भीती, राज्याचा वीट. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो स्वतःच ओळखतो की, आपले चित्त धर्माविषयी गोंधळले आहे, आणि तो निश्चित असे काही विचारतो. उपदेशाला खरा आरंभ त्यानंतर होतो. आणि अठरा अध्याय सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनास विचारतात की, हे तू एकाग्र मनाने ऐकलेस ना, तुझा मोह गेला ना? इतका उपदेश करून झाल्यावरही समोरच्यास तो पोहोचला असे त्यांनी गृहीत धरले नाही. मग चार वाक्यांत वानप्रस्थ सांगून मोकळ्या झालेल्या आमच्यासारख्यांनी ते गृहीत धरावे, यापरते धाडस कोणते!

आमचे ते स्नेही आता नियमाने डोळ्यांत औषध घालतात. शिल्लक दृष्टी टिकून आहे. नातवाला शाळेतून आणण्याचे काम त्यांना परत मिळालेले नाही, आणि मिळणारही नाही. परंतु रोज सायंकाळी नातू त्यांचा हात धरून त्यांना देवळात आणतो आणि वाटेत बाजूने येणारे प्रत्येक वाहन मोठ्याने सांगतो. परवा भेटले तेव्हा ते म्हणाले, ‘बरे चालले आहे.’ आम्ही त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारले, ‘बरे म्हणजे काय काय, ते सांगा पाहू.’ ते हसले आणि बोलू लागले. दिवेलागण होईपर्यंत ते बोलत होते.